पट बंद, नाटक चालू

महाशिवरात्रीच्या यात्रेला गावी गेलो होतो. आमचं गाव प्रतापगड. साताऱ्याचं नाही, गोंदिया जिल्ह्यातलं, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. हे वाक्य मला आयुष्यात इतक्यांदा बोलावं लागलंय की ते आता आडनावासारखं चिकटलंय. डोंगरावर महादेव, जवळच दर्गा, आणि यात्रेच्या दिवसांत एवढी गर्दी की फोनला रेंजचे दांडे दिसतात पण पान उघडत नाही. त्या गर्दीतून बाजूला येऊन मी आणि माझा चुलतभाऊ एका दगडावर बसलो होतो. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान. अर्जुनीला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. रेंज नसल्यामुळे दोघांनाही बोलण्यावाचून इलाज नव्हता. मध्येच त्यानं विचारलं, "दादा, मॉर्टल आता खेळते का नाही?"

साधा प्रश्न होता. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसाच थांबलो. 'हो' म्हटलं तर खोटं, 'नाही' म्हटलं तर तेही पूर्ण खरं नाही. नमन माथुर उर्फ मॉर्टल आजही ऑनलाइन असतो, गेम लावतो, बोलतो. पण भावाला ते विचारायचं नव्हतं. ज्या अर्थानं त्यानं दोन वर्षं घरच्यांशी भांडण केलं, त्या अर्थानं मॉर्टल खेळतो का, हे त्याला हवं होतं. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर आहे. दगडावर बसून ते देता आलं नाही.

कारकीर्द वाचायची कशी?

आपल्याकडे खेळाडूबद्दल लिहायच्या दोनच तऱ्हा आहेत. एक सत्काराची, दुसरी आकड्यांची. फलंदाजाबद्दल तरी कुणी मनगटाच्या लयीविषयी लिहितं. पण काचेवर दोन अंगठे फिरवणाऱ्या माणसाच्या खेळात वाचण्यासारखं काही असेल, हे आपण धरूनच चालत नाही. त्याच्याबद्दल जे येतं ते एकतर 'पोरं बिघडली' या सदरात येतं, नाहीतर 'महिन्याला किती कमावतो' या सदरात. या दोन सदरांच्या मध्ये खेळच गायब होतो.

मला वाटतं, खेळाडूची कारकीर्द हीसुद्धा एक रचना असते. तिला सुरुवात असते, रूप असतं, शैली असते, आणि शेवट असतो किंवा नसतो. म्हणून सिनेमाला किंवा कादंबरीला विचारतो तेच प्रश्न तिलाही विचारता येतात. हा माणूस खेळला कसा? त्यातून त्यानं काय घडवलं? आणि त्यातलं शिल्लक काय राहिलं? मॉर्टलच्या बाबतीत तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, आणि माझ्या भावाचा संबंध त्याच प्रश्नाशी येतो.

हैदराबाद, मार्च २०१९

आधी घडलं ते सांगतो. नमन माथुर मुंबईचा, जन्म १९९६चा. यूट्यूबवर तो आला मिनी मिलिशिया घेऊन. मिनी मिलिशिया माहीत नसेल असा माझ्या वयाचा इंजिनिअर मला अजून भेटलेला नाही. एकानं हॉटस्पॉट चालू करायचा, बाकीच्यांनी जोडून घ्यायचं, आणि शेवटच्या बाकावर कागदी बाहुल्यांसारखे सैनिक उडत एकमेकांना मारत बसायचे. डेटा लागायचा नाही, चांगला फोन लागायचा नाही.

२०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. २०१८च्या मार्चमध्ये पबजी मोबाइल आला. या दोन तारखांच्या मध्ये एक अख्खी पिढी फोन हातात घेऊन तयार उभी होती. मॉर्टल त्या पिढीच्या सगळ्यात पुढच्या रांगेत होता. त्याचा संघ 'सोल' : मॉर्टल, रोनक, वायपर, ओवेस. मार्च २०१९मध्ये हैदराबादला पबजी मोबाइल इंडिया सीरीजची अंतिम फेरी झाली. एकूण बक्षीस १ कोटी रुपये, आणि पहिल्या क्रमांकाचे ३० लाख 'सोल'ला मिळाले.

मी तेव्हा नागपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. हॉस्टेलच्या एका खोलीत एका लॅपटॉपभोवती आम्ही पंधरा-सोळा जण कोंबलो होतो. त्यातल्या निम्म्यांचं कॅम्पस व्हायचं होतं. जिंकल्यावर जो आरडाओरडा झाला तो मी त्याआधी फक्त क्रिकेटच्या वर्ल्ड कपला ऐकला होता. मला आठवतं, आनंद बक्षिसाचा नव्हता. आपण जे चोरून करतो ते कुणीतरी स्टेजवर, दिव्यांच्या उजेडात, सगळ्यांसमोर केलं, याचा तो आनंद होता. तेव्हाचं वातावरण आठवा. त्याच वर्षी जानेवारीत 'परीक्षा पे चर्चा'मध्ये एका आईनं मुलाच्या ऑनलाइन गेमची तक्रार केली, तर पंतप्रधानांनी 'हा पबजीवाला आहे का' असं विचारलं आणि सभागृह हसलं होतं. मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी पबजी खेळल्याबद्दल पोरांना अटक केली होती. त्याच मार्चमध्ये हैदराबादला ३० लाखांचा चेक.

झोनमधलं बोलणं

आता खेळाकडे येतो. बॅटल रॉयल या प्रकाराचं रूप नीट बघितलं नाही तर मॉर्टल समजणार नाही. विमानातून उडी मारायची, आठ बाय आठ किलोमीटरच्या इरंगेल नकाशावर कुठंतरी उतरायचं, घरं धुंडाळून बंदुका गोळा करायच्या, आणि आकसत जाणाऱ्या वर्तुळाच्या आत राहायचं. शेवटी उरेल तो संघ जिंकला. एक सामना साधारण अर्ध्या तासाचा. त्यात प्रत्यक्ष गोळीबार किती? मिनिटं मोजली तर हाताच्या बोटांवर. बाकी सगळा वेळ चालणं, गाडी चालवणं, खिडकीच्या कडेला वाकून बसणं, वाट बघणं. म्हणजे हा खेळ बहुतांशी रिकाम्या वेळाचा बनलेला आहे.

रिकामा वेळ कुणाला तरी भरावा लागतो. मॉर्टलची खरी ताकद इथं होती. त्याचा नेम चांगला होता, एकटा उरून समोरच्या चौघांना झोपवणं हेही त्यानं करून दाखवलं. पण नेम असलेली पोरं पुष्कळ होती. घरात दबा धरून बसलेलं असताना, बाहेर पावलं वाजत असताना, मुंबईच्या हिंदीत, शेजारच्या बाकावरच्या मित्रासारखं शांतपणे बोलत राहणं हे फार थोड्यांना जमलं. त्या काळात बाकीचे स्ट्रीमर ओरडायचे, शिव्या द्यायचे. याचा आवाज चढायचा नाही. मेला तरी दोष सोबत्यावर टाकायचा नाही. आमच्याकडे शंकरपटात एक जण जोडी हाकतो आणि दुसरा माइकवर बसून बोलतो : कुणाची जोडी सुटली, कुणाच्या बैलाचं नाव काय, किती सेकंद लागले. मॉर्टल ही दोन्ही कामं एकटा करत होता. जोडीही त्याचीच आणि माइकही त्याचाच.

पण इथंच त्याच्या खेळाची मर्यादाही आहे, आणि त्याच्या चाहत्यांनी (त्यात मी आलोच) ती कधी नीट तपासली नाही. स्पर्धेत माइक काढून घेतला जातो. तिथं खेळाडू फक्त आपल्या तीन सोबत्यांशी बोलतो आणि प्रेक्षकांशी बोलायला वेगळे समालोचक बसलेले असतात. म्हणजे ज्या मॉर्टलवर आम्ही जीव टाकला तो स्पर्धेच्या मंचावर अर्धाच दिसायचा. जुलै २०१९मध्ये बर्लिनला पबजी मोबाइल क्लब ओपनची जागतिक अंतिम फेरी झाली. 'सोल' तिथं भारताकडून उतरला आणि खालच्या अर्ध्या भागात राहिला. जेतेपद चीनच्या एक्स-क्वेस्ट-एफ या संघाला मिळालं. तो निकाल बघताना आम्ही पिंगला, नशिबाला, झोनला दोष दिला. आज शांतपणे बघितलं तर उत्तर सरळ आहे : ते संघ जास्त चांगले होते. खेळाडू म्हणून मॉर्टलची सगळ्यात मोठी नोंद हैदराबादचीच राहिली. २०२०मध्ये ई-स्पोर्ट्स अवॉर्ड्समध्ये त्याचं नामांकन झालं ते 'स्ट्रीमर ऑफ द इयर' या गटात, खेळाडूंच्या नाही. परीक्षकांनी त्याला आमच्याआधी नीट वाचलं होतं.

ग्रबी आणि उरलेली फाइल

तुलनेसाठी एक दुसरा माणूस घेतो. मानुएल स्खेंकहाउझन, नेदरलँड्सचा, जन्म १९८६चा. खेळायचं नाव ग्रबी. वॉरक्राफ्ट ३ या खेळात ऑर्क सेना घेऊन खेळणारा. २००४ आणि २००८ अशी दोनदा त्यानं वर्ल्ड सायबर गेम्सची सुवर्णपदकं जिंकली, आणि २००५मध्ये ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कप. मधल्या दोन वर्षांत, २००५ आणि २००६मध्ये, वर्ल्ड सायबर गेम्सचं सुवर्ण चीनच्या स्काय म्हणजे ली शियाओफंगनं नेलं होतं. कोरियाचा मून समोर असायचा तो वेगळाच. अशा काळात चार वर्षांच्या अंतरानं पुन्हा वर येणं सोपं नव्हतं.

वॉरक्राफ्टमध्ये रिकामा वेळ नसतोच. घर बांधणं, सैनिक तयार करणं, नायकाला लढवणं, मरायला आलेल्या एकेका सैनिकाला ओढून मागं घेणं, हे सगळं एकाच वेळी. हात सेकंदाला कितीतरी आज्ञा देत असतात. बोलायला उसंत नाही. त्यामुळे ग्रबीची सगळी शैली हालचालीत आहे : चार सैनिकांनी शत्रूच्या नायकाला गराडा घालणं, हरलेली लढाई ओळखून नेमक्या क्षणी माघार घेणं.

आणि हे आजही बघता येतं, याचं एक तांत्रिक कारण आहे. मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला ते फार आवडतं. वॉरक्राफ्टचा 'रिप्ले' हा व्हिडिओ नसतो. त्या फाइलीत फक्त आज्ञा असतात : या क्षणी या खेळाडूनं इथं क्लिक केलं, त्या क्षणी तिथं. गेम त्या आज्ञा क्रमानं पुन्हा चालवतो आणि सामना डोळ्यांसमोर परत घडतो. एका फोटोपेक्षा लहान फाइलीत अख्खी लढाई मावते. जगभरची पोरं या फाइली एकमेकांना पाठवायची आणि ग्रबीची एकेक चाल थांबवून शिकायची. व्हिडिओ म्हणजे प्रयोगाचं चित्रण. रिप्ले म्हणजे संहिता. ग्रबीच्या खेळाची संहिता लोकांच्या संगणकात होती.

मॉर्टलच्या खेळाची संहिता कुणाकडेच नाही. असतील ते स्ट्रीमचे व्हिडिओ. खेळ कंपनीच्या सर्व्हरवर घडतो आणि सर्व्हरवरच विरतो. हा त्याचा दोष नाही, त्याच्या वाट्याला आलेल्या माध्यमाचा आहे. पण परिणाम असा की त्याच्याकडून शिकण्यासारखं जे उरलं ते चालींचं नव्हतं. ते स्वभावाचं होतं.

२ सप्टेंबर

२ सप्टेंबर २०२०ला केंद्र सरकारनं ११८ ॲपवर बंदी घातली. त्यात पबजी मोबाइल होता. ३० ऑक्टोबरला भारतातली सेवा पूर्ण थांबली. तेव्हा लॉकडाऊनमुळे मी गावीच होतो, खाटेवर लॅपटॉप ठेवून नोकरी करत होतो. भाऊ दहावी-अकरावीच्या मध्ये कुठंतरी. त्यांचा चौघांचा संघ होता. डोंगराच्या वाटेवर एका ठिकाणी बरी रेंज यायची, तिथं संध्याकाळी चौघं बसायचे. त्या दिवशी तो घरी आला आणि फोन उपडा ठेवून जेवायला बसला. काकांनी विचारलं, "आज लवकर आला बे?" तो काही बोलला नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २ जुलै २०२१ला तोच खेळ बीजीएमआय नावानं परत आला. २८ जुलै २०२२ला तोही दुकानांतून काढला गेला. २०२३च्या मे महिन्यात पुन्हा आला. दरम्यान फेब्रुवारी २०२२मध्ये फ्री फायर गेला. डिसेंबर २०२२मध्ये ई-स्पोर्ट्सला सरकारनं क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत घेतलं. एप्रिल २०२४मध्ये पंतप्रधान सात गेमर्सना भेटले. त्यात मॉर्टल होता, मिथिलेश पाटणकर होता, नागपूरपासून फार लांब नसलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातली पायल धारे होती. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैशांचे खेळ एका बाजूला, ई-स्पोर्ट्स दुसऱ्या बाजूला अशी रेघ ओढली. 'पबजीवाला आहे का' इथपासून या कायद्यापर्यंत साडेसहा वर्षं.

ही बंदीची गोष्ट आमच्या भागाला नवी नाही. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या. आमचा शंकरपट बंद झाला. झाडीपट्टीत पटाला जोडून नाटक असतं : दिवसा पट, रात्री नाटक. पाहुणे यायचे पटासाठी, राहायचे नाटकासाठी, लग्नं जुळायची दोन्हींच्या मध्ये. पट बंद झाल्यावर नाटकही मरेल असं वाटणं साहजिक होतं. पण मंडईच्या निमित्तानं, गावाच्या हौसेनं, नाटकं चालू राहिली. वडशाच्या कंपन्या दिवाळीनंतर बुकिंग घेत राहिल्या. डिसेंबर २०२१मध्ये न्यायालयानं महाराष्ट्रात शर्यतींना अटींसह परवानगी दिली, मे २०२३मध्ये घटनापीठानं कायदा मान्य केला, आणि पट परत आला. मधली साडेसात वर्षं आमच्याकडे बैल धावले नाहीत, पण त्यांच्या नावानं जमणारी गर्दी रात्री तंबूत बसतच होती.

मॉर्टलनं नेमकं हेच केलं, असं माझं वाचन आहे. पट बंद पडणार हे त्याला कळलं होतं आणि त्यानं नाटक हाती घेतलं. २०२०मध्येच 'सोल' आणि अनिमेष अग्रवाल-लोकेश जैन यांचं 'एटबिट' एकत्र आलं आणि एस-एट-यू-एल उभं राहिलं. २०२२च्या उन्हाळ्यात 'सोल'नं बीजीएमआयची मोठी प्रो सीरीज जिंकली तेव्हा मैदानात दुसरीच पोरं होती. मॉर्टल संघाचा मालक म्हणून बघत होता. पुढच्याच महिन्यात खेळ पुन्हा बंद झाला. त्या वर्षाच्या शेवटी लास वेगासला एस-एट-यू-एलला ई-स्पोर्ट्स अवॉर्ड्सचा पुरस्कार मिळाला, तो होता 'कंटेंट ग्रुप ऑफ द इयर'. खेळ नसतानाही त्या भोवतालानं जग जिंकलं होतं.

कौतुक आणि तक्रार

इथं कौतुक करून थांबणं सोपं आहे. ज्या देशात तुमचं मैदानच एका सकाळी दुकानातून गायब होऊ शकतं, तिथं फक्त खेळाडू राहणं हा मूर्खपणा ठरतो. मॉर्टलनं आपल्या आयुष्याचा झोन बरोबर ओळखला आणि वेळेत गाडी काढली. ग्रबीचा खेळ कुणी सरकारी आदेशानं बंद केला नव्हता. त्याच्यामागं युरोपातल्या स्पर्धा होत्या, २००२ साली निघालेला आणि वीस वर्षांनीही खेळला जाणारा एक खेळ होता. दोघांना एकाच तराजूत घालणं अन्यायाचं आहे, हे मला मान्य आहे.

तरी तक्रार उरते. ती अशी.

ग्रबीसुद्धा आता स्पर्धेतला खेळाडू नाही. तोही स्ट्रीमच करतो. पण त्यानं दुसऱ्या डावात काय निवडलं ते बघा. पस्तिशी ओलांडल्यावर त्यानं डोटा २ हा खेळ नव्यानं शिकायला घेतला, सगळ्यांसमोर, अगदी नवशिक्या म्हणून. (डोटा मुळात वॉरक्राफ्ट ३च्या एका नकाशातूनच जन्मला. म्हणजे जगज्जेता स्वतःच्या खेळाच्या लेकराकडून हरायला बसला.) हरायचं, थांबवून बघायचं, कुठं चुकलो ते विचारायचं, पुन्हा खेळायचं. त्याच्या बोलण्याचा विषय तो स्वतः नसतो, खेळ असतो. त्याच्या स्ट्रीमवरून उठताना तुम्ही त्या खेळाबद्दल काहीतरी शिकून उठता.

मॉर्टलच्या दुसऱ्या डावात खेळ हळूहळू पडद्यामागं सरकला. व्लॉग, घर, मित्र, गाड्या, एकमेकांची थट्टा. हे वाईट आहे असं नाही. मी ते बघितलंय, हसलोय. पण तिथं आता मॉर्टल मॉर्टलचीच भूमिका करतो. झाडीपट्टीतला नट एका हंगामात पाटील होतो, पुढच्या हंगामात दारुडा, नंतर म्हातारा बाप. डॉ. परशुराम खुणेंना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली, त्यामागं किती भूमिका, किती रात्री जागलेल्या आहेत याचा अंदाज आमच्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. नटाला संहिता वाचवते. तो स्वतः थकला तरी पात्र उभं राहतं. स्ट्रीमरला संहिता नाही. खेळ ही त्याची संहिता होती. ती सोडली की स्वतःच स्वतःला रोज रात्री सादर करावं लागतं, आणि माणूस कितीही चांगला असला तरी एकच भूमिका किती हंगाम चालणार?

दुसरी तक्रार शेवटाबद्दल आहे. क्रिकेटपटू निवृत्त होतो तेव्हा एक दिवस असतो. टोपी काढतो, हात हलवतो, आणि घरी बसलेल्या माणसाला कळतं की हे संपलं. मॉर्टलच्या कारकिर्दीला असा दिवस मनात ठसलेलाच नाही. खेळाडू, मग कधी खेळाडू कधी स्ट्रीमर, मग मालक, मग चेहरा. एका रंगातून दुसऱ्या रंगात असं सरकत जाणं धंद्याला सोयीचं असतं. जो कधी गेलाच नाही, त्याच्या परतीची वाट लोक बघत राहतात. पण या न आलेल्या शेवटाची किंमत कुणीतरी दुसरं मोजतं.

जुना फोन

माझ्या भावानं ती मोजली. बीजीएमआय आल्यावर त्यानं पुन्हा संघ जमवला. बारावीनंतर दोन वर्षं त्यानं कुठंही प्रवेश घेतला नाही. काकांशी रोज भांडण. त्याचं एकच म्हणणं होतं : मॉर्टल पण असाच सुरू झाला होता. खुल्या पात्रता फेरीत नाव टाकलं, पहिल्याच टप्प्यात बाहेर. फोन तापायचा, ऐन वेळी पिंग दीडशेवर जायचं. आणि सांगायला लाज वाटते ती गोष्ट ही की तो फोन मी दिलेला होता. नवा घेतल्यावर जुना त्याला दिला आणि वर म्हणालो, "खेळ, तुझ्या हातात आहे." हॉस्टेलच्या खोलीतला तो आरडाओरडा माझ्या कानात अजून होता. नोकरी लागलेल्या माणसाला दुसऱ्याच्या स्वप्नाला पाठिंबा देणं स्वस्तात पडतं.

आम्ही दोघंही मॉर्टलची कारकीर्द चुकीची वाचत होतो. आम्हाला वाटलं ही एका नेमबाजाची गोष्ट आहे : नेम सुधारला की हैदराबाद, हैदराबाद झालं की बर्लिन. प्रत्यक्षात ती होती एका सूत्रधाराची गोष्ट. त्याला मुंबईची हिंदी होती, २०१८चा नेमका क्षण होता, मिनी मिलिशियापासून जमवलेले प्रेक्षक होते, आणि रिकामा वेळ भरण्याचं अंगभूत कौशल्य होतं. यातलं भावाकडे काहीच नव्हतं. त्याच्याकडे नेम होता. तो बराच चांगला होता, हे मी आजही सांगेन. पण नेम असलेली पोरं पुष्कळ होती.

याचा दोष मॉर्टलवर टाकणं सोपं आहे, पण ते खरं नाही. 'माझ्यासारखे व्हा' म्हणून त्यानं भावाला हाक मारली नव्हती. दोष आमच्या वाचण्यात होता. त्याच्याबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकानं एकतर त्याला देव केलं किंवा पोरांचा नाश करणारा. मधलं कुणी लिहिलंच नाही : हा चांगला खेळाडू होता, थोर सूत्रधार होता; त्याची प्रत्यक्ष स्पर्धेतली कमान छोटी होती; त्यानं ज्या गुणांवर नाव काढलं ते सरावानं येत नाहीत. भावाच्या हातात २०२१मध्ये असा एक परिच्छेद जरी पडला असता, तरी कदाचित त्यानं ऐकलं नसतं. पण काकांशी भांडताना दोघांकडे निदान बरोबर शब्द असते.

आणि एवढं सगळं लिहूनही हैदराबादची ती संध्याकाळ मी परत देणार नाही. मॉर्टलनं आम्हाला एक गोष्ट दिली आणि ती छोटी नाही. फोन हातात घेतलेलं पोर स्टेजवर उभं राहू शकतं, आणि उभं राहताना सभ्यही असू शकतं, हे त्यानं दाखवलं. त्याआधी आमच्यापुढं असं कुणी नव्हतं. त्याच्यानंतर आलेल्या प्रत्येकाला वाट सोपी झाली. पण पहिल्याची वाट तशीच्या तशी दुसऱ्याला चालता येत नाही, आणि हे बहुतेक त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी दगडावर बसून मी भावाला एवढंच म्हणालो, "नाही. आता तो खेळत नाही. बोलते." त्यानं थोडा वेळ विचार केला. म्हणाला, "बोलाचं तर तो पहिलेपासूनच चांगला होता ना बाप्पा."

मला अडीच हजार शब्द लागले, त्याला एक वाक्य. मग त्यानं माझा फोन मागितला. मागचं कव्हर काढून बघितलं, बॅटरी फुगायला लागली आहे म्हणाला, परत जायच्या आधी दुकानात घेऊन ये. संध्याकाळ होत आली होती. पलीकडच्या गावात पट होता, रात्री नाटक. त्याला नाटकाला जायचं होतं. मी विचारलं कोणतं, तर त्याला नाव माहीत नव्हतं. "कोनतं बी असो," तो म्हणाला, "सकाळपर्यंत चालते."